जामीन राहिलेली बहीण

प्रिय भोपू,

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की भिंतीवरचे सगळे चष्मे माझ्याकडे बघत बसतात. ऊन काचांमधून आत येतं, समोरच्या भिंतीवर पाण्यासारखं हलतं आणि मला डुलकी लागते. त्या डुलकीत तू येतोस. तुझ्या स्टुडिओतला तो तळ्याचा पडदा, वर रंगवलेला अवाच्या सवा मोठा चंद्र, आणि कॅमेऱ्यामागून तू ओरडतोयस, ताई, हनुवटी वर घे, उसने पैसे मागायला आल्यासारखी उभी राहू नकोस!

तो पडदा माझ्याकडेच आहे. स्टुडिओ बसला आणि तू फोन नंबर बदलून नाहीसा झालास, तेव्हा जागेच्या मालकाने तो जिन्याखाली टाकून दिला होता. मी उचलून आणला आणि डोळे तपासायच्या खोलीत लावला. म्हातारी माणसं समोरची अक्षरं सोडून चंद्राकडे बघतात आणि सगळं अगदी स्पष्ट दिसतंय म्हणतात. अशाने नंबर चुकतील, असं तुझे भाऊजी कुरकुरतात. मी म्हटलं, चुकू देत, माणसं खूश होऊन तरी जातात.

स्टुडिओच्या कर्जाला मी जामीन आहे हे तू सोयीस्करपणे विसरलास, अशी माझी पक्की समजूत होती. हप्ता थकला की डाग तुझ्या नावावर पडतो आणि माझ्याही. मग शेजारचा गाळा घ्यायला मला कुठली बँक दारात उभी करणार? आणि उद्या तुला पुन्हा कॅमेरा मांडावासा वाटला, तर तुला तरी कोण विचारणार? म्हणून तू गेलास त्याच महिन्यापासून मी हप्ता भरायला लागले. भरताना दर वेळी तुला एक नवी शिवी घालायची, असा नेमच केला. मावशीला मात्र सांगितलंय की तू लांब कुठेतरी फार मोठा माणूस झालास आणि तुला आमची लाज वाटते. कर्ज टाकून पळालेल्या भाच्यापेक्षा शिष्ट भाचा तिला बरा झेपतो.

काल बँकेत गेले होते. जुनं कर्ज किती उरलंय ते कळलं की गाळ्यासाठी अर्ज टाकायचा, असा बेत होता. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. म्हणाल्या, अहो ताई, हे केव्हाच फिटलंय, उलट पैसे जास्तच जमा झालेत. दर महिन्याला दोन हप्ते यायचे, एक तुमचा आणि एक कर्जदाराचा. तुम्ही भावंडं एकमेकांशी बोलत नाही का?

चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीला समोरचं काही दिसेना.

परत येताना रस्ता त्या पडद्यावरच्या तळ्यासारखा वाटत होता, निळसर आणि बिनआवाजाचा. माणसं तरंगत चालली होती. मी प्रत्येक खिडकीकडे बघत होते. अशाच कुठल्याशा खोलीत तू पगार हातात आला की आधी हप्ता पाठवत असशील, बँकेने ताईला फोन करू नये म्हणून. मग उरलेल्यात काय खात असशील, कोण जाणे. गाढवा, एक फोन केला असतास तर अर्ध्या पैशांत भागलं असतं. मी तरी कुठे शोधलं म्हणा. मी आपली शिव्या घालत बसले.

तुझा पत्ता काही त्या बाईंनी दिला नाही, नियम आहे म्हणाल्या. पण पत्र दिलंत तर बँकेच्या पाकिटातून पाठवते, एवढं मात्र कबूल केलं. जास्तीचे पैसे परत घ्यायला तुझी सही लागते. फॉर्म पोस्टाने पाठवला तरी चालतो, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी मान डोलावली, फॉर्म पर्समध्ये घातला आणि पाकिटात फक्त हे पत्र ठेवतेय. फॉर्म दुकानात आहे. घ्यायला ये. दार हल्ली अडकतं, जोरात ढकल.

तुझीच,
वाट बघायची अजिबात सवय नसलेली,
ताई