बहिणीकडं चाललो

औरंगाबाद,
कोजागरीनंतरचा बुधवार, १९५२

ती. सांडूदादास,

द्वारकीचा नमस्कार. इकडं पाऊस थांबला. बाजारात सीताफळं आली. वहिनीचे गुडघे कसे आहेत ते कळव. ह्यांचं शिवणकाम चालू आहे. सुईत दोरा हल्ली मीच ओवून देते.

परवा चूल सारवताना कोळसा हाती आला आणि तू आठवलास. सोयगावच्या घरी भिंतीवर कोळशानं तू मला अक्षरं शिकवलीस. आई ओरडायची, "पोरगी काय तहसीलदार होनार हाय व्हय?" तू म्हणायचास, "मग सासरहून मला पत्र कोण लिहील?" लग्नानंतर पहिल्या दिवाळीला न्यायला आलास. घाट उतरताना माझं गाठोडं तुझ्याच खांद्यावर होतं. त्यात माझी लुगडी होती.

पोलीस ॲक्शनपासून नाक्यावर बंदूकवाले बसले आहेत. गेल्या साली घाटात गोळीही झाडली. तुमच्याकडून येणारा गांजा थांबला नाही. कसा थांबेल? विचारलं की जो तो सांगतो, "बहिणीकडं चाललो, साहेब." खोटंही नसतं. गाठोडं बहिणीच्याच माळ्यावर चढतं.

आमच्या गल्लीतल्या बायका विहिरीवर यावर बोलल्या, भावाचं असलं गाठोडं कुणीच आत घ्यायचं नाही असं ठरलं. शेजारच्या अनवरीनं सुरुवात केली. तिचा भाऊ कमरोद्दीन आला, तर ही झाडू घेऊन दारात.

"रोटी देतूँ. गठडी अंदर नक्को."

तो हसला. "बंदूकवालों से नै डरा, तेरी झाडू से डरूँ?"

पण बसला पायरीवरच. तिथंच जेवला. मग गाठोडं घेऊन गल्लीभर हिंडला, एकही दार उघडलं नाही. परवा पुन्हा आला तो सीताफळांची पाटी घेऊन. आता तीच विकतो. अनवरीनं घरोघरी वाटली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गल्लीत आता एकच माळा उरला. आपला.

दादा, दोरा मी का ओवते ते लिहिते. ह्यांचा हात कापतो. तू माळ्यावर ठेवतोस त्यातलं हे काढून ओढतात. आधी चिमूटभर होतं, आता सकाळीही लागतं. काल गिऱ्हाईकाच्या शेरवानीत कात्री वाकडी गेली. तुझ्यावर ते रागावत नाहीत. तुझी वाट बघतात. मीही बघते, पण वेगळ्या कारणानं.

माळ्याची शिडी मी चुलीत घातली.

भाऊबीजेला ये. नाक्यावर नेहमीसारखं सांग, बहिणीकडं चाललो. ताट तयार असेल. शेवयांची खीर करीन, तुझ्या आवडीची, गुळाची. पण खांद्यावर काही असेल तर दिवा घेऊन मी उंबऱ्याच्या आत उभी राहीन, तू बाहेर. ओवाळणार नाही. तू दिसेनासा होईपर्यंत दिवा मात्र विझू देणार नाही.

तू शिकवलेल्या अक्षरांत,
दाराशी उभी
द्वारकी