डावा हात खिशात

दादा,

टेबलावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावू नकोस. प्लग काढलाय, तरी आत वीज साठलेली असेल. बाबांना डॉक्टरांकडे नेतेय. शॉक लागलेला नाही, कारण वेगळंच आहे.

व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीचं, म्हणजे स्क्रीन ग्रिडचं, व्होल्टेज सारखं चढत होतं, ते स्थिर करायला बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर चालू मशीनमध्ये दोन्ही हात! मी किंचाळलेच, “बाबा, डावा हात खिशात!”

त्यांनी शांतपणे विचारलं, “का गं?”

दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं ना रे? डावा खिसा नसलेली चड्डीसुद्धा कधी घेऊन दिली नाही त्या माणसाने.

लवकर ये.

छोटी