थोरल्या भावाच्या हाती दिलेला समन्स

अण्णा,

परवा कोर्टानं एका अर्जावर आदेश दिला. तुमचा पंधरा वर्षांपूर्वीचा एक अहवाल विश्वास ठेवण्याजोगा नाही, असं त्यात लिहिलंय. तसं लिहिलं जावं म्हणून पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली, ती मी. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, जे बोलायचं ते मनातच बोलत आले. हे मात्र मनात बोलून भागेना. एखादी गोष्ट क्रमानं कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ही खोड तुमचीच आहे.

वडील काय करायचे असं कुणी विचारलं की मी सांगते, अण्णा बेलिफ होते. ज्याच्यावर दावा झालाय त्याच्या गावी जाऊन त्याच्या हातात समन्स द्यायचा, आणि कुणाला कसा दिला ते कोर्टाला लिहून कळवायचं. तुम्ही त्याला तामील म्हणायचात. शाळेत नाव घालायच्या आधी मला अक्षरं शिकवली ती तुम्हीच, वाया गेलेल्या छापील नमुन्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माझं अक्षर बसल्यावर तुमचे अहवाल मीच लिहायला लागले, कारण तुमचं अक्षर मोठं, रकान्यात मावायचं नाही. संध्याकाळी पाचच्या बसनं तुम्ही येता, पाय धुऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसता. आई भाकरी थापतेय, मी पाटावर. माझ्या परीक्षेसाठी म्हणून परभणीहून आणलेलं पॅड दिवसभर तुमच्याच पिशवीत असायचं. संध्याकाळी ते माझ्या हातात यायचं तेव्हा त्याच्या क्लिपमध्ये कधी कापसाचा पुंजका, कधी बाभळीचा काटा अडकलेला असायचा. 'लिही माय,' तुम्ही म्हणता, आणि मी लिहिते.

एकदा तुम्ही पावणेबारा सांगितलं आणि मी बारा लिहिलं. बारा लिहायला सोपं, दुसरं काही कारण नव्हतं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. 'घड्याळ तू पाहिलंस का म्या?' मी पेन खाली ठेवलं. 'डोळ्यानं पाहिलं तेवढंच लिहायचं. कानाचं लिहायचं न्हाई.' तेवढा आकडा खोडून बाजूला सही केलीत आणि जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. आजही अर्जात वेळ लिहिताना माझा हात थांबतो. आमच्या ऑफिसातले वकीलसाहेब, वकील होऊन मी ज्यांच्याकडे काम शिकते, ते यावरून माझी थट्टा करतात. म्हणतात, ही पोरगी स्वल्पविरामाचंही प्रतिज्ञापत्र करेल.

गेल्या वर्षी ताडकळसहून एक बाई ऑफिसात आल्या. साठीच्या, मी त्यांना मावशी म्हणते. माहेरच्या गावी तलाठ्याकडे सातबारा काढायला गेल्या तर वडिलांच्या जमिनीवर फक्त दोन भावांची नावं. चौकशी केल्यावर कळलं की धाकट्या भावानं थोरल्यावर आणि बहिणीवर वाटणीचा दावा केला होता. बहिणीनं आपला हिस्सा सोडलाय, असं दाव्यात लिहिलं होतं. थोरल्यानं हरकत घेतली नाही. दोघांचं आतून एकच होतं. आणि सोडला नाही म्हणायला बहीण कोर्टात हजर नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन दोघांत वाटली गेली. मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. 'लोकं म्हंतेत, बहिनीला वावर नगं असतंय. मला पायजे. मला कुनी इचारलंच न्हाई.'

कायदा तुम्हाला माहीत आहे, तरी लिहू द्या. समन्स नीट बजावला गेला असेल तर असा हुकूमनामा उठवण्यासाठी अर्ज करायला त्याच्या तारखेपासून तीसच दिवस. नीट बजावलाच गेला नसेल तर कळल्यापासून तीस. आणि माणूस घरी नसेल तर समन्स घरच्या दुसऱ्या कुणाला देता येतो, पण तो त्याच्याबरोबर एकाच घरात राहत असेल तरच. म्हणजे मावशींचं सगळं अडलं होतं ते बेलिफाच्या एका अहवालावर. आम्ही मुदतीत अर्ज केला, आणि रेकॉर्डमधून जुनी फाईल आली.

ती उघडली तेव्हा मला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. माझं अक्षर होतं ते. सहावीतलं, शिरोरेघ जपून ओढलेलं. खाली तुमची सही, नेहमीसारखी रकान्याबाहेर गेलेली. मी त्या सहीवर बोट ठेवलं. मग मजकूर वाचला. प्रतिवादी बाई घरी मिळून आल्या नाहीत, त्या थोरल्या भावासोबत एकत्र राहतात असे समजल्याने समन्स भावाच्या हाती देऊन सही घेतली.

तो दिवस मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतो. शाळेला सुट्टी होती आणि मी हट्ट करून तुमच्याबरोबर आले होते. बसमधून उतरून आपण पांदीनं, शेतांमधल्या वाटेनं, थोरल्या भावाच्या घरी चालत गेलो, तुम्ही पुढे आणि मी तुमच्या चपलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे. पक्षकाराच्या घरी तुम्ही पाण्याचा घोटही घेत नसायचात, पिशवीत आईनं दिलेली बाटली असायची. पण त्या दिवशी शेतात आगटी पेटली होती, कोवळी कणसं भाजली जात होती, आणि मला भूक लागली होती. मी काही मागितलं नाही, नुसती बघत राहिले. थोरला भाऊ म्हणाला, 'लेकरू हाय साहेब, हुरड्याला न्हाई म्हनू नका.' तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बसलात.

खाऊन झाल्यावर तुम्ही बहिणीचं विचारलंत. तो म्हणाला, 'तिचं घर हेच की. म्या थोरला, बापाच्या जाग्यावर. आना इकडं कागद, माझ्या हातात दिला म्हंजी तिच्याच हातात दिला.' तुम्ही जरा थांबलात. मग पॅड पुढे केलंत आणि त्यानं सही केली. भाऊ बहिणीपर्यंत कागद पोचवणार नाही, असं तुमच्या मनात आलं नसावं. आलं असलंच, तरी ज्याच्या हातचं आत्ताच खाल्लं त्याला तसं म्हणणं तुमच्यानं झालं नसतं. आणि ते खाल्लं होतं माझ्यामुळे.

त्याआधी मी घरात हात धुवायला गेले होते, तेव्हा थोरल्याची बायको माझ्या हातावर पाणी घालता घालता म्हणाली होती, 'आमच्या वन्सला लय आवडतो हुरडा. पर ताडकळसहून यायलाच मिळंना त्यांस्नी, पंचमीला आल्या तेवढंच.' संध्याकाळी तुम्ही 'एकत्र राहतात' सांगितलंत तेव्हा माझा हात थांबला होता. पण मी ते नुसतं कानानं ऐकलं होतं, आणि कानाचं लिहायचं नसतं. तुम्हीही तुमचं कानानंच ऐकलं होतं, हे मला त्या वयात सुचलं नाही. मी लिहिलं. तुम्ही म्हणालात, 'आज अक्षर झ्याक आलंय.'

फाईल पाहिली त्याच दिवशी मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अक्षर कुणाचं हे कोण विचारतंय, मावशींच्या ताडकळसच्या रेशनकार्डावर काम भागेल. भागलं नाही. त्या वर्षी नवऱ्याशी पटत नव्हतं म्हणून बहीण माहेरीच होती, असं भावांनी लिहून दिलं, आणि थोरल्याची बायको आता हयात नाही. राहिले मी. मग मी वकीलपत्र सोडलं, काम साहेबांकडे गेलं आणि मी साक्षीदार झाले. मावशींना हे सांगायला मी ताडकळसला गेले. वाक्यं चार वेळा अडखळली.  सगळं ऐकून त्या म्हणाल्या, 'म्हंजी माझ्या वाट्याचा हुरडा तू खाल्लास व्हय गं?' आणि पदर तोंडाला लावून हसल्या. निघताना मात्र माझं मनगट धरलं. 'बापाची लेक हाईस. जमंल का तुला?' मी हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर जमेल असं वाटेना.

साक्षीच्या दिवशी भावांच्या वकिलांनी फार त्रास दिला नाही. बारा वर्षांच्या मुलीला हात धुतानाचं बोलणं पंधरा वर्षं कसं आठवतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अण्णांबरोबर मी तामिलीला एकदाच गेले होते, म्हणून. मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, 'म्हणजे तुम्ही स्वतःच्या मयत वडिलांना खोटं ठरवायला इथं आलात?' मी म्हटलं, 'ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी चौकशी करायला हवी होती, ती केली नाही.' हे वाक्य मी घरी पाठ केलं होतं. बोलताना माझी नजर शिरस्तेदाराच्या टेबलाजवळच्या खांबाकडे गेली. तिथं टेकून तुम्ही पुकाऱ्याची वाट बघत उभे असायचात, पिशवी काखेत, माझं पॅड अर्धं बाहेर डोकावतंय.

परवा अर्ज मंजूर झाला. मावशींच्या विरुद्धचा हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा चालणार, आता त्यांना आपलं म्हणणं मांडता येईल. जिंकतील की नाही माहीत नाही. त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, मला म्हणाल्या, 'आता मला इचारतील तरी.' मी आदेशाचा तो परिच्छेद उभ्या उभ्या तीनदा वाचला. बेलिफाने बहिणीच्या वास्तव्याबाबत कोणतीही खातरजमा केली नाही, सबब त्याचा अहवाल विश्वासार्ह धरता येत नाही. त्यात एकही शब्द चुकीचा नाही. तुम्ही असतात तर तुम्हीसुद्धा चष्मा लावून वाचून, असंच लिहायला पाहिजे होतं, म्हणाला असतात. असं मला वाटतं. मग वाटतं, हे मी माझ्या सोयीचं तर वाटून घेत नाही?

हे पत्र मी ऑफिसात बसून लिहितेय आणि इथल्याच खणात ठेवणार आहे, कारण घरी ते आईच्या हाती लागेल. आईला मी साक्षीचं सांगितलं होतं. दोन दिवस ती माझा डबा परक्या माणसाचा भरावा तसा भरून ठेवायची. परवा घरी गेले तर दारातच उभी. म्हणाली, 'लागला का निकाल?' मी म्हटलं, लागला, त्या बाईंच्या बाजूनं.  तिनं विचारलं, 'ह्यांचं नाव आलंय का त्यात?'

मी म्हटलं, 'नाही.' तुमचं नाव त्यात खरंच नाहीये, अण्णा, नुसतं बेलिफ लिहिलंय. पण आईनं नुसत्या नावाबद्दल विचारलं नव्हतं, तुमच्यावर दोष आला का ते विचारलं होतं, आणि मला ते कळत होतं.