कोठीच्या खोलीतली अमेरिका

दम्माम, फेब्रुवारी १९९१

ती. सौ. वन्संना सुहासिनीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? आम्ही तिघं बरे आहोत. टीव्हीवर दिसतं तेवढं युद्ध आमच्या गल्लीत नाही. (इराकी क्षेपणास्त्रांचा इशारा देणारा भोंगा वाजतो, तो मात्र खरा.)

काळजी आहे ती अवंतीची. शाळा बंद, आणि शेजारचं अमेरिकन कुटुंब मायदेशी परतताना मासिकांचा गठ्ठा आमच्याकडे टाकून गेलेलं. तो वाचून तुमच्या भाचीला पंधराव्या वर्षी शोध लागला, की आपण ‘टीनएजर’ आहोत. मागच्या महायुद्धानंतर म्हणे अमेरिकेत सुबत्ता आली, पोरांच्या हातात पैसा खुळखुळू लागला, मग दुकानदारांनी त्यांच्यासाठी वेगळे कपडे, वेगळी गाणी, मुरमांचं मलमसुद्धा वेगळं काढलं. “आई, त्याआधी टीनएजर नव्हतेच,” ती म्हणाली. (खरं असावं. एकोणिसाव्या वर्षी मी लग्न होऊन तुमच्याकडे आले, ती दुसऱ्या दिवशी पापड लाटायलाच बसले.)

तर टीनएजरला स्वतःची खोली लागते. आमच्या दोन खोल्या, त्यातली एक विषारी वायूच्या भीतीने प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद केलेली; भोंगा झाला की तिघांनी तिथे बसायचं. म्हणून बाईसाहेबांनी कोठीची खोली बळकावली आणि दारावर ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी लावली. तेव्हापासून आमटीच्या डाळीसाठीही मला दार वाजवावं लागे.

परवा संध्याकाळी भोंगा झाला. आम्ही दोघं बंद खोलीत, ही येईना. यांनी तोंडावर मास्क चढवून कोठीचं दार ठोठावलं. आतून उत्तर आलं, “पाच मिनिटं, बाबा. केसांना लावलंय.” मासिकात वाचून केस सोनेरी करायला तिने औषधाच्या कपाटातलं पेरॉक्साइड डोक्यावर थापलं होतं. शेवटी आम्हीच आत शिरलो आणि तांदळाच्या पोत्यावर तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. धोका टळल्यावर उजेडात पाहिलं, तर केस गाजरहलव्याच्या रंगाचे. हे खूप रागावले. पण मास्क काढायला विसरल्यामुळे काय बोलले ते कोणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला घट्ट रुमाल बांधून (इथे बाहेर पडताना डोकं झाकावं लागतं, एरवी त्यावरून रोज भांडण) ती आमच्यासोबत किराणा आणायला आली. तिथे एक अमेरिकन सैनिक साबणाच्या पुड्यांसमोर गोंधळून उभा होता. “मॅम, मोजे हाताने धुवायला यातली कोणती?” असं त्याने मलाच विचारलं. वय एकोणीस. अवंतीला खराखुरा टीनएजर भेटला. तिने लगेच विचारलं, तिकडे सध्या कुठली जीन्स चालते? तो म्हणाला, ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर बुटांच्या दुकानात राबून त्याने जुनी मोटार घेतली होती, ती आता ताडपत्रीखाली उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून त्याची आई दर रविवारी इंजिन चालू करते आणि थोडा वेळ आत बसून राहते. हे सांगून त्याने मी दाखवलेली पुडी घेतली, आभार मानले आणि गेला.

त्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा ती आमच्याआधी बंद खोलीत जाऊन बसली होती.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमची,
सुहासिनी

ता. क. खरं काम राहिलंच. आम्हा दोघींना युद्ध संपेपर्यंत सांगलीला तुमच्याकडे धाडायचं यांनी मनात घेतलं आहे. यांना इथे एकटं सोडून मी येणार नाही, पण तसं तोंडावर म्हटलं की हे चिडतात. तेव्हा तुमच्याकडे पाहुणे आहेत, जागा नाही, असं कृपा करून यांना कळवा.

ता. क. २. वरचा मजकूर अवंतीने माझ्या खांद्यावरून वाचला. (विचारल्याशिवाय.) म्हणते, “आत्याला सांग, ‘जागा नाही’ एवढ्या दोन ओळींत भागणार नाही. बाबांना पटेल असं लिही म्हणावं.”