पायावरची रेघ

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. बाबा जेवतात, झोपतात, पेपर वाचतात. जखम सुकत आली आहे. वहिनीची कंबर आता कशी आहे? छोटीच्या फ्रॉकचं माप पाठव म्हटलं होतं, ते अजून आलं नाही.

तुझा तक्रारीचा कागद मिळाला. मुद्देसूद लिहिला आहेस. दवाखान्यातल्या सिस्टरनी नीट सांगितलं नाही म्हणून बाबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, असं त्यात आहे. माझी सही झाली की त्यांची नोकरी गेलीच म्हणून समज, असं तू फोनवर म्हणालास. मी हो हो म्हणत गेले.

सिस्टरनी सांगितलं होतं. बाबांच्या टाचेची भेग चिघळून पाऊल लाल झालं होतं. साखरेमुळे त्यांना पायात खिळा घुसला तरी कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. सिस्टरनी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, "ताई, लाली या रेघेबाहेर गेली तर गोळ्या पुरत नाहीत असं समजा. लगेच घेऊन या, शिरेतून औषध द्यावं लागेल." दोनदा सांगितलं. मला जरा रागच आला. आयुष्यभर खडूच्या रेघेवर कात्री चालवणारी मी, मला रेघ शिकवतात.

अँटिबायोटिकच्या गोळ्या मी घड्याळ लावून दिल्या. एकही चुकवली नाही. हे तुला दहा वेळा तरी सांगितलं असेल, कारण सांगण्यासारखं तेवढंच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी लाली बोटभर बाहेर आली होती. मशीनवर चाळीस गणवेश पडले होते, दुसऱ्या दिवशी द्यायचे. दवाखान्यात गेलं की अख्खा दिवस मोडतो. बाबाही म्हणाले, "दुखत नाही गं, उगाच कशाला धावपळ." मी स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली आणि लालीच्या बाहेरून दुसरी काढली. हात सराईत, छान वळणदार आली. संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी म्हणाले, "रेघेच्या आत आहे."

सातव्या दिवशी ताप चढला तेव्हा नेलं. सिस्टरची रेघ निळी होती, माझी काळी. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सलाईन लावायला धावल्या. त्या काळ्या रेघेबद्दल अजूनही कुणाला बोललेल्या नाहीत.

मी अजून रडलेले नाही. गणवेश वेळेवर गेले. काल शिवताना सुई बोटात गेली, तर रक्त कापडावर पडल्यावर कळलं.

बाबांना आज दुपारी सांगितलं. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि चष्मा मागितला. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

कागद परत पाठवते आहे. सिस्टरच्या नावावर काट मारून तिथे माझं लिहिलं आहे. खाली सही केली आहे.

छोटीच्या फ्रॉकचं माप पाठवावंसं वाटलं, तर पाठव.

तुझी धाकटी