मामाचं भात आणि आमचा अंदाज

आई, तुला आभाळाबद्दल विचारायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि विचारायचं काय, तर आभाळ! पण दुसऱ्या कोणाला विचारू? आपल्या स्वयंपाकघराचं मागचं दार आठवतं ना? घरात काहीही ठरवायचं असलं की तू हातातला झारा तसाच घेऊन त्या दारात जायचीस, मान वर करायचीस आणि निकाल द्यायचीस. "पडणार." नाहीतर "नाही पडत." त्यावर अपील नसायचं. मी सातवीत असताना शाळेची सहल रायगडावर निघाली होती. थंडीचे दिवस, आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख, आणि तू वर बघून म्हणालीस, "पडणार. जायचं नाही." मी दिवसभर भोकाड पसरलं. संध्याकाळी सगळ्या पोरी उन्हानं लालबुंद होऊन, पाचाडला खाल्लेल्या भज्यांचं वर्णन करत परत आल्या, तेव्हा मी तुला म्हटलं, "कुठं पडला पाऊस?" तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आणि पडला असता तर?" 

बरं, उलटंही व्हायचं. आत्याच्या लग्नात तू "नाही पडत" म्हणालीस आणि मांडव पाण्याच्या भारानं खाली बसला. भटजी डोक्यावर पाट धरून मंगलाष्टकं म्हणतायत, वऱ्हाडी मंडळी ओसरीवर एकमेकांच्या पायांवर उभी आहेत, आणि बाबा तुझ्याकडे नुसते बघतायत. तू शांतपणे म्हणालीस, "हा पाऊस नव्हे, सर आहे." बाबा हात जोडून आत निघून गेले. माझ्या लग्नात तर तू मला आहेरात छत्री दिलीस. भर वैशाखात! वर म्हणालीस, "सासरचं आभाळ मला इथून दिसायचं नाही, तिथलं तुझं तू बघ." सासर दोन आळ्या पलीकडे होतं गं आई. तरी पाठवणीच्या वेळी तू रडली नाहीस, पण ती छत्री हातात देताना रडलीस, हे मी बघितलं होतं.

तर आता ऐक. तुझी नात, माझी लेक, मुंबईला नोकरी करते आणि तिला कॅम्पिंगचं वेड लागलंय. कॅम्पिंग म्हणजे चांगलं पक्कं घर सोडून डोंगरावर कापडाच्या खोपटात झोपायला जायचं. दिवाळीआधीच्या शनिवारी, पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, मामाच्या वाडीमागच्या माळावर, एक रात्र राहायचं असं तिनं परस्पर ठरवलं. ती, मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. तीच गं, आपल्या समोरच्या घरातली, जिचा नवरा कुवेतला आहे आणि जिच्या अम्मीकडून ईदला तुझ्यासाठी सांदणांचा डबा यायचा. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. माझं आजोळ डोंगरावर, पण तिथं मी एकही रात्र काढलेली नाही. तू दिवस मावळायच्या आत खाली आणायचीस, कारण, सांगायला नकोच, पडणार असायचा.

पण आता आभाळ बघायला दारात जावं लागत नाही, ते मोबाईलमध्येच असतं, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये वेगळं असतं. तुझ्या नातीचं ॲप म्हणालं, लख्ख ऊन. ह्यांनी टीव्ही लावला, तर तिथं "तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस". मी विचारलं, तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठं? हे म्हणाले, "तुम्ही जाल तिथं." समोरचीच्या नवऱ्याचा कुवेतहून व्हिडिओ कॉल. त्यानं तिथं बसून महाडचं हवामान उघडलेलं. "ढगफुटी होणार, घराबाहेर पडू नका!" मी घाबरले, तर मैत्रीण पदरानं घाम पुसत म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नको. वाळवंटात राहून माणसाचं असं होतं. मार्चमध्येपण पूर येणार म्हणून फोन केलेला, मी कैऱ्या फोडत बसलेले." तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये एक ढग, त्याच्यामागून अर्धा सूर्य, त्याखाली दोन थेंब. म्हणजे सगळंच. असा अंदाज मलाही देता येईल.

शेवटी मी मामाला फोन लावला. म्हटलं, जन्म डोंगरावर गेलाय, गुरंढोरं, भातशेती, त्याला नाही कळणार तर कोणाला? "मामा, तिकडं आभाळ कसं आहे रे?" तर तो म्हणतो, "हितं आता ऊन हाय. फुडचं मला काय ठावं गो? तुमच्या मोबाईलात काय दावतंय ता सांग. माजा भात कापायला आलाय." झालं! मी नुसतं म्हटलं, "बघू या, पण आम्ही शनिवारी राहायला येतोय." तो म्हणाला, "या, या." एवढंच बोलणं. तूच सांग, यात मी काही अंदाज वर्तवला का?

शुक्रवारी तुझी नात वीर स्टेशनला उतरली, रिक्षात तंबूंच्या दोन लांबलचक पिशव्या आडव्या टाकून घरी आली. त्याच वेळी लांब कुठंतरी गडगडलं. जावं की नको, यावर दुपार गेली. मग तिनंच तोडगा काढला. "मामाआजोबांनी कापणी सुरू केलीय का विचार. शेतकरी उगाच कापणार नाही, कापलेलं भात भिजलं तर वर्षाचं नुकसान." केवढी हुशार पोर, मला अभिमानच वाटला. मी फोन लावला. मामा म्हणाला, "कापलं की! खालची सगळी खाचरं आडवी केली." संपला प्रश्न! तिनं तंबू झटकायला घेतले, मी बटाटे उकडायला लावले. मैत्रीण डबा घेऊन आली होती, ती तेवढी ओट्याला टेकून म्हणाली, "पण त्याला कसं कळलं, पडणार नाही ते? विचार तरी. उद्या आपल्यालाही उपयोगी पडेल."

मी परत फोन लावला. मामा हसला. "अगो, तूच नाय का म्हनलीस शनवारी येतो? मुंबयची शिकलेली पोर, मोबाईल बघून तंबू घेऊन येतेय, म्हंजे पाऊस नाय. म्हनून तर कापला."

आई, माझ्या हातातला बटाटा खाली पडला. आम्ही त्याच्या भातावर भरवसा ठेवून निघालेलो, आणि त्यानं आमच्या तंबूवर भरवसा ठेवून भात आडवं केलेलं. आभाळाकडे कोणी बघितलंच नव्हतं! मैत्रीण हसून हसून ओट्यावर डोकं टेकून बसली. मला मात्र हसू येईना. मामाचं वय झालंय, मामी गेल्यापासून एकटा राबतो, आणि त्याचं वर्षभराचं भात माझ्या एका शब्दावर उघड्यावर पडलेलं. तुझ्या धाकट्या भावाचं भात गं! त्या क्षणी मला तुझी इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग पण आला. पन्नाशी उलटलेल्या बाईला अजून आईच्या आभाळाची गरज पडावी म्हणजे काय!

मग शनिवारी पहिली एसटी धरून पोलादपूर, तिथून रिक्षानं कापडे, आणि पुढं धापा टाकत चढ. दुपारपर्यंत ऊन होतं, मामा खुशीत होता. "बघ, बोललो नाय?" जेवण झालं आणि महाबळेश्वराच्या अंगानं काळं यायला लागलं. त्यानंतर आम्ही चौघांनी जी धावपळ केली, ती बघायला तू हवी होतीस. मामा भारे बांधतोय, आम्ही डोक्यावरून वाहतोय, मैत्रीण मध्येच उभी राहून कुवेतला सांगतेय, "हो, तुझंच खरं झालं, आता फोन ठेव!" गोठा भरला, पडवी भरली, तरी भारे उरले. ताडपत्री उंदरांनी खाल्लेली. तेव्हा तुझी नात गेली आणि तिनं पिशव्यांच्या चेनी ओढल्या. दोन्ही तंबू अंगणात उभे केले, आतल्या मऊ गाद्या काढल्या आणि भारे आत रचले. तिचं तोंड बघवत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "चेन नीट लाव गो, भाताला डास चावतील."

पाऊस पडला. विजांसह, साग्रसंगीत. आम्ही पडवीत भाऱ्यांच्या आणि शेळ्यांच्या मध्ये बसून सांदणं खाल्ली. खाली महाडला एक थेंब नाही. ह्यांचा फोन आला, "काय, मजा ना?" तुरळक ठिकाण म्हणजे आम्हीच होतो. तंबूत मात्र एक लोंबीही भिजली नाही. असं माझं डोंगरावरचं कॅम्पिंग झालं. तंबूत भात झोपलं आणि शेळीनं रात्रभर माझी ओढणी चघळली, पण आई, सकाळी धुकं खाली दरीत आणि आपण वर, असं पहिल्यांदाच बघितलं. तू हे सगळं लहानपणी रोज बघायचीस आणि आम्हाला कधी बोलली नाहीस. थोडं सांगायचंस तरी.

निघताना मामा म्हणाला, "तुमचा मोबाईल बराबर निगाला." मी म्हटलं, "अरे, पाऊस पडला की!" "पडला. पन भात भिजला काय? नाय ना? मग! आता वरची खाचरं ऱ्हायलीत, ती कवा कापू ता सांग." मी लेकीकडे बघितलं. तिथं फोन लागतो, पण नेट नाही. मैत्रीण चपला शोधायला लागली. मामा हातात कोयती घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी अंगणाच्या कडेला गेले, मान वर केली, आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी काप. नाही पडत." मामानं मान डोलावली आणि कामाला लागला. खाली उतरताना लेक म्हणाली, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "कळतं."

मला ओ की ठो कळत नाही. लहानपणी वाटायचं तुला सगळं कळतं, मग मोठी झाल्यावर वाटलं, हिला काहीच कळत नाही, नुसता हेका. आता वाटतं, तुला कळत नव्हतं ते तुलाही माहीत होतं. पण सगळे तोंडाकडे बघत उभे राहिले की कोणीतरी बोलावं लागतं. बोलून झाल्यावर तुला झोप यायची का गं? मला आठवडाभर आलेली नाही. मोबाईलमध्ये चार ॲपं घेतलीत, त्यात परत दोन-दोनचं भांडण आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच लिहितेय. तुझ्या हाती पडणार असतं तर एक ओळ लिहिली नसती, तू जन्मभर हसली असतीस. उद्या रविवार. पहिल्या एसटीनं मी वर जातेय. कॅम्पिंग फार आवडलं, असं घरी सांगितलंय. खरं तुला सांगते, भारे उचलायला चाललेय. आणि पडलाच, तर मामाच्या शिव्या खायला निदान मी समोर असावं.