ढगळ गाऊन

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमच्या आईंचा न्यूमोनिया उतरला. ताप नाही, खोकला नावाला. पण दहा दिवस हॉस्पिटलच्या पलंगावर काढल्यावर त्यांना आपलं आपण उठता येत नाही. खुर्चीतून उठवायला दोघी लागतात. डॉक्टर म्हणाले, एकटीने न्हाणीपर्यंत जाऊन येता आलं तर घरी, नाहीतर म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. आईंनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

इथे एक आहारतज्ज्ञ बाई आहेत. ठेंगण्या, पायात कापडी बूट. बाकीचे आईंचे कागद बघतात, या ताट बघतात. ताटं धुवायला जाण्याआधी झाकण उचलून कुणी काय टाकलं ते पाहतात. मी आईंना आधी वाटीभर सूप पाजायचे आणि अंडं उरायचं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात पोटात जागा थोडी, ती पाण्याने भरू नका. आधी अंडं, मग दही, सूप शेवटी. मग टेप काढून आईंच्या पोटरीचं माप घेतलं. एकोणतीस सेंटिमीटर. तीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय, पण पोटरीचं माप कुणी घेताना पहिल्यांदाच पाहिलं. टेप धरतात मात्र झकास, सैल नाही की आवळून नाही.

सोबत आईंचा फोटो आहे. माया आहे तशी राहू द्या.

तुमची वहिनी

ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. फोटो मिळाला. तो गाऊन आहे की तंबू? गळा पार खांद्यावरून उतरलाय. साऱ्या गल्लीचे कपडे तू बेतून देतेस, आणि आईच्याच गाऊनला दोन टाके घालायला सवड नाही? दादाच्या आजारपणात त्याचे कपडे शेवटपर्यंत कसे अंगासरसे बसायचे. भेटायला येणारे नावाजायचे.

त्या बाईंचं मात्र फारच कौतुक चाललंय. माझं एवढं तू लग्नातसुद्धा केलं नव्हतंस. राग मानू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी नणंद

ता. २४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. गाऊन मी आत घेणार नाही. रागवायचं तर रागवा.

तुमच्या दादांचे पायजमे मी चार वेळा आत घेतले. दर वेळी दोन बोटं. कपडे नीट बसायचे, म्हणून माणूस किती उरलाय ते दिसायचं नाही. मला नाही, डॉक्टरांनाही नाही. आजार त्यांना नेणारच होता असं सगळे म्हणतात. असेल. पण शेवटचे दोन महिने ते आपल्या पायांनी खिडकीपर्यंत गेले असते का, हे मी रोज एकदा स्वतःला विचारते आणि मशीनवर बसते.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, उगाच समजूत घातली नाही. गाऊन तसाच ठेवा म्हणाल्या, तो मला दारातूनच वाचता येतो.

आता प्रत्येक जेवणाआधी खुर्चीतून उठबस. बाई समोर स्टुलावर बसतात आणि आईंबरोबर स्वतःही उठतात. गुडघे त्यांचेही वाजतात. आई म्हणतात, हिची शाळेतली शिक्षा बाकी राहिली असणार. काल आई हात न टेकता तीनदा उठल्या. पोटरी अर्धाच सेंटिमीटर भरलीय, पण बाई म्हणतात ताकद मापाच्या आधी येते. उद्या न्हाणीपर्यंत चालायचंय, डॉक्टरांसमोर.

आठवण ठेवा.

तुमची वहिनी

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

काल न्हाणीपर्यंत गेले आणि परत आले. सून दोन पावलं मागे, हात पुढे धरून, जशी मी काचेची बरणी. आहारवाल्या बाईंनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मी बसल्यावर ताट पुढे सरकवलं. शनिवारी घरी जायचं.

सुनेने मला पायजम्यांचं सांगितलं. तिला वाटतं ते तिने एकटीने केलं. तिला बारीक दिसत नाही, सुई मी ओवून द्यायचे. चारही वेळा. हे काल तिला सांगितलं.

गाऊन अजून ढगळ आहे. त्याला टाके घालायचे नाहीत. तो मी भरणार आहे.

तुझी आई